चौथ्या रेकॉर्डनंतर

'माझं चुकलं' हे दोन शब्द सोडले तर नत्थूजी हेडाऊंना जगातलं सगळं बोलता येत असे. राजकारण असो, पाऊसपाणी असो, दुसऱ्याच्या मुलीचं स्थळ असो, त्यांचं मत तयार. आणि एकदा ते तोंडातून निघालं की ब्रह्मदेव आला तरी मागे जायचं नाही.

भंडाऱ्यात आमची घरं दोन आणि मधली भिंत एक होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा, आणि त्यांच्याकडे आवाज चढला की मी वह्या तपासायची थांबायची. मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. कान देऊन ऐकणं हा धंद्याचा भाग होता, आणि खरं सांगायचं तर हौसही होती.

नत्थूजी सुताचे व्यापारी. वडील जन्मभर मागावर बसले. यांनी माग मोडून विणकरांना सूत पुरवायचं दुकान घातलं. बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरून चाचपायची त्यांना खोड होती. बायकांच्या पदराला हात लावता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं. एकदा मोहाडीच्या एका विणकराला त्यांनी बारीक सुताऐवजी जाड सुताच्या लड्या दिल्या. लुगडी निघाली ती अशी, की अंगावर घ्यावी की खाली अंथरावी. विणकर रडत आला. नत्थूजींनी ती सगळी लुगडी स्वतःच विकत घेतली आणि चारचौघांत सांगितलं, "मले असंच जाड पाहिजे होतं." मग ती लुगडी राधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वर्षानुवर्षं नेसली. उन्हाळ्यातसुद्धा. नवऱ्याची चूक त्या अशी शब्दशः अंगावर वागवत होत्या, आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

अशा माणसाच्या घरात ते परदेशी संगीत आलं ते एका लिलावातून. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवरचा शेवटचा गोरा साहेब कधीच निघून गेला होता. त्याच्या बंगल्यातलं उरलंसुरलं सामान सत्तरच्या सुमारास विकायला निघालं. नत्थूजी गेले पडदे बघायला आणि आले रेकॉर्डची पेटी घेऊन. साहेबाचं रेकॉर्ड वाजवायचं विजेवरचं मोठं मशीन एका भातगिरणीवाल्यानं उचललं होतं. नत्थूजींचं त्यावाचून काही अडलं नाही. राधाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेला, सुटकेसएवढा, चावीचा ग्रामोफोन घरी पडून होताच.

पेटीतल्या बऱ्याच रेकॉर्ड फुटलेल्या होत्या. धड असा चार रेकॉर्डचा एकच संच निघाला. त्यांच्यावरचे कागद वाळवीनं खाल्लेले. नत्थूजींनी दुकानातले, सुताच्या गठ्ठ्यावर लावायचे हत्तीछाप कागद आणून पेटीतल्या क्रमानं त्यांवर चिकटवले आणि एक ते चार आकडे घातले. पेटीच्या झाकणावर मात्र थोडं छापलेलं उरलं होतं. चार वाद्यांसाठीची रचना, एकोणिसाव्या शतकातली, एवढं आमच्या ह्यांनी वाचून दिलं. रचणाऱ्याचं नाव जर्मन होतं. प्रत्येकानं ते वेगळं उच्चारलं, तेव्हा नत्थूजींनी त्या रचनेला 'चौघांचं' असं नाव देऊन टाकलं.

रविवारी सकाळी चहा झाला की 'चौघांचं' लागायचं. ऐकायला आमचे हे, मी, आणि आंबागडहून येणारा सदाशिव. सदाशिवची किल्ल्याच्या पायथ्याशी शेती होती, आणि नत्थूजींशी आईकडून नातं होतं. तो बाभळीचे काटे आणायचा. ग्रामोफोनच्या पोलादी सुया तेव्हा मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून लांब, वाळलेला काटा ब्लेडनं तासून सुईच्या जागी बसवायचा. एका बाजूला एक काटा. नत्थूजी म्हणत, "सुई तव्याले खाते. काटा गोंजारते." रेकॉर्डला ते तवा म्हणत. नत्थूजी काटा तासायचे तोवर राधाबाई चावी द्यायच्या. नवरा-बायकोनं मिळून केलेलं एवढं एकच काम मी त्या घरात पाहिलं.

नियम कडक होते. बोलायचं नाही, वाहवा करायची नाही, मान डोलवायची नाही, ताल तर मुळीच धरायचा नाही. एकदा ह्यांच्या कचेरीतले एक साहेब, जे घरी तबला वाजवायचे, गुडघ्यावर बोटं मारायला लागले. नत्थूजींनी मशीन थांबवलं.

"साहेब, ते चौघं एकमेकायले आयकून राहिले. तुमी पाचवे काहून?"

साहेब पुन्हा आले नाहीत. पण मला ते वाक्य आजही पटतं. दोन व्हायोलिन, एक त्याहून जाड आवाजाचं, आणि एक मोठं, जे म्हणे दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. चौघांपैकी कोणी पुढे होऊन गात नाही आणि कोणी नुसती साथ करत नाही. मोठं बोलू लागलं की बाकीचे तिघे श्वास धरतात. मग एकजण त्याचंच बोलणं हळूच स्वतःच्या तोंडानं म्हणून बघतो आणि त्यात जरासं बदलून टाकतो. हे ऐकायला मला नत्थूजींनी शिकवलं. आमचे हे एकदा कौतुकानं म्हणाले, "नत्थूजी, हे तर तुमचं ताना-बानाच झालं." नत्थूजी भडकले. "ताना मागावर राहते. हे चौघं भांडून राहिले. भांडण आयका."

आता क्रमाचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. नत्थूजी पहिली रेकॉर्ड लावत, ती उलटून तिची मागची बाजू लावत, मग दुसरी, तिची मागची, अशा चारही. कोणीही तसंच केलं असतं. पहिल्या बाजूला मोठं वाद्य खालच्या आवाजात काहीतरी विचारायचं आणि बाकीचे उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच बाजू संपायची. उलटलं की एकदम धावपळ, चौघांनी घोडे दौडवल्यासारखी, आणि दणदणीत शेवट. मग दुसऱ्या रेकॉर्डला पुन्हा तीच जुळवाजुळव. चौथ्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मात्र अतिशय संथ होत्या. मोठं वाद्य एक साधी ओळ म्हणायचं, ती एकेकाकडे जायची, आणि अखेर एक लांब स्वर इतका बारीक होत जायचा की तो संपला कधी आणि काट्याची खरखर उरली कधी, ते समजायचं नाही. त्यानंतर नत्थूजी झाकण लावेपर्यंत कोणी हलत नसे. माझे तर डोळे भरून यायचे.

या उलटसुलट क्रमाचा नत्थूजींनी अर्थ लावला होता आणि नव्या माणसाला ते तो आधी समजावून सांगत. "पहिले घर दाखवते. मग लगेच त्या घराले लागलेली आग दाखवते. मग मांगं जाऊन सांगते, का घर बांधलं कसं, माणसं राहली कशी. आन शेवटी राख." आम्ही सगळे माना डोलवायचो. तेवढी परवानगी होती.

एका रविवारी, पहिली रेकॉर्ड उलटून धावपळ सुरू झाली आणि राधाबाई चावीवरचा हात न काढता म्हणाल्या, "हे आखरीचं हाय. मंधात आलं हे."

नत्थूजींनी नुसतं बघितलं. राधाबाई गप्प बसल्या. पण चौथ्या रेकॉर्डचा तो बारीक स्वर विरत असताना त्या पुन्हा बोलल्या, अगदी हळू, "आन हे संपलं नाही. बोलणं राहूनच गेलं."

नत्थूजींनी काटा उचलला. आम्ही तिघेही समोर होतो. ते म्हणाले, "तवा चालू असताना बोलाचं नाही, हे समजणाऱ्या माणसायसाठी हाय. तुले भाजीत मीठ किती ते समजते न? तेवढंच पाह्य. गाणं तुह्या अक्कलेचं काम नोहे."

सदाशिव जमिनीकडे बघू लागला. आमचे हे खोकले. राधाबाई उठल्या, जाड लुगड्याचा पदर नीट केला आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्या ग्रामोफोनजवळ आल्या नाहीत. चहा दारापर्यंत यायचा, त्या नाही. चावी नत्थूजीच द्यायचे. धसमुसळेपणानं, अर्धवट, त्यामुळे कधी मधेच आवाज बसत जायचा. अशी पाचसहा वर्षं गेली. घरात दोघांचं कामापुरतं बोलणं चाले. भिंतीच्या अलीकडे मला तेवढं सगळं ऐकू यायचं, आणि न बोललेलं त्याहून जास्त.

ऐंशीनंतर केव्हातरी वरठीच्या कारखान्यात कर्णिक नावाचे इंजिनिअर आले. मुंबईचे, अशा संगीतावर वाढलेले. आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं त्यांना रविवारी आणलं. पहिली बाजू लागली तसे ते खुर्चीत पुढे सरकले. रेकॉर्ड उलटली तसे अस्वस्थ झाले. बिचाऱ्यांनी चारही रेकॉर्ड निमूट ऐकल्या. झाकण लागल्यावर मात्र म्हणाले, "नत्थूजी, राग मानू नका. क्रम चुकतोय."

नत्थूजींनी त्यांच्या शर्टाचं टोक धरलं होतं, ते सोडलं.

"हा संच विजेच्या मोठ्या मशीनसाठी केलेला आहे," कर्णिक सांगू लागले. "त्यात चारही रेकॉर्ड एका दांड्यावर ठेवतात. एक संपली की तिच्यावर दुसरी आपोआप पडते. चारही पुढच्या बाजू झाल्या की सगळा गठ्ठा उलटायचा. म्हणजे आधी चारही पुढच्या बाजू, मग चौथीची मागची, तिसरीची मागची, दुसरीची आणि शेवटी पहिलीची. तुम्ही राख म्हणता ना, ते मधलं आहे. त्याच्यानंतर नाच येतो. शेवट पहिल्या रेकॉर्डच्या मागे आहे."

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. नत्थूजींनी त्या ऐकल्या. त्यांच्या मानेवरून ते मला कळलं.

"चाय प्या," ते कर्णिकांना म्हणाले, "आन निघा."

"मी फक्त..."

"निघा म्हणतो न."

त्यानंतर रविवार बंद पडले. सदाशिव काटे घेऊन आला तेव्हा त्याला दुकानातूनच परत पाठवलं. आमच्या ह्यांच्याशीही बोलणं तुटलं, कारण कर्णिकांना आणणारे तेच. आणि याच सुमारास राधाबाईंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. गाठ कशी आहे ते उघडल्यावरच कळेल, असंही सांगितलं. मुलगा नागपूरला नोकरीला होता. त्यानं दिवस ठरवला.

जायच्या आदल्या आठवड्यात राधाबाई माझ्याकडे विरजण मागायला आल्या आणि स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे चावी दिल्याचा आवाज आला. पहिली बाजू लागली. मोठ्या वाद्यानं आपलं ते विचारलं, बाकीचे जुळवाजुळव करू लागले, बाजू संपली. आता धावपळ येणार म्हणून मी सवयीनं तयार राहिले. ती आली नाही. रेकॉर्ड बदलल्याचा आवाज आला, आणि जुळवाजुळव जिथे तुटली होती तिथूनच, त्याच बोलण्यात, पुढे सुरू झाली. एकाच दमात म्हटल्यासारखी. मग तिसरी रेकॉर्ड, मग चौथी. प्रत्येक वेळी तुटलेलं टोक पुढच्या टोकाला जाऊन मिळत होतं. चौथीची मागची बाजू संपली, तो बारीक स्वर विरला, आणि बऱ्याच वेळानं तिसरीची मागची बाजू लागली. नाच होता तो. इतकी वर्षं तो भलत्याच ठिकाणी येऊन फुकट गेला होता. त्या शांततेनंतर ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

राधाबाईंचा हात सुपात थांबला होता. "जुडलं," त्या म्हणाल्या.

"राधाबाई, तुमचं बरोबर होतं हो."

"मले मालूम होतं." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "बाई, मले मराचं भेव नाही. जे होईन ते होईन. पण त्यायनं एकदा तोंडानं म्हणाव. तुमा सगळ्यासमोर बोलले न ते? तसंच म्हणाव. मंग मी कापून घ्याले मोकळी."

"मी सांगू त्यांना?"

"नोको!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "सांगून म्हटलं तं काय उपयोग?"

पुढचे दिवस मी भिंतीला कान लावूनच होते म्हणा ना. भांडी वाजली, ट्रंक ओढली गेली, मुलगा आला. ते शब्द काही आले नाहीत. मला नत्थूजींचा संताप संताप येत होता. इतकी लुगडी विकत घेणाऱ्या माणसाला दोन शब्द परवडू नयेत?

जायच्या दिवशी सकाळी नत्थूजींचा निरोप आला, वरठीला स्टेशनवर या. भंडाऱ्याच्या लोकांना गाडी तिथूनच धरावी लागे. इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर निरोप, म्हणून आम्ही दोघं ऑटो करून गेलो. मला वाटलं, सामान उचलायला माणसं हवी असतील. फलाटावर बाकावर राधाबाई पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. मुलगा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. सदाशिवही आंबागडहून आलेला. त्यालाही निरोप होता. थोड्या वेळानं कारखान्याकडून मोटारसायकलवर कर्णिक आले, आणि आपल्याला का बोलावलं ते न कळून लांबच उभे राहिले. पॅसेंजर लेट होती.

नत्थूजींनी बाकावर राधाबाईंच्या शेजारी ग्रामोफोन ठेवला आणि झाकण उघडलं.

"बाबा, हे काय?" मुलगा म्हणाला. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

त्यांनी काटा बसवला, चावी दिली आणि चौथ्या रेकॉर्डची मागची बाजू लावली. फलाटावर ते कसलं ऐकू येतंय! चहावाला ओरडत होता, पाळी संपवून निघालेले कामगार कोंडाळं करून उभे राहिले, कोणीतरी विचारलं, "लाउडस्पीकर नाही काय?" ज्या माणसानं गुडघ्यावर वाजलेलं बोट सहन केलं नव्हतं, तो त्या गोंगाटात मान खाली घालून उभा होता. कपाळावरून घाम वाहत होता. राधाबाई समोर रुळांकडे बघत होत्या. बाजू संपली. इतकी वर्षं जिथे झाकण लागायचं तिथे नत्थूजींनी ते लावलं नाही. तिसरी रेकॉर्ड काढली, उलटी ठेवली. बसवताना काटा खाली पडला. दुसरा काढला, तोही मोडला. मग ते सरळ उभे राहिले, आणि आमच्याकडे, एकेकाकडे बघितलं.

"त्या दिवशी जे जे होते, ते सगळे हाय न इथी?"

सदाशिवनं मान हलवली.

"हे संपलं नाही, असं हिनं म्हटलं होतं. मी हिची अक्कल काढली होती, तुमच्यासमोर." ते थांबले. "हिचं बरोबर होतं. माहं चुकलं."

मग कर्णिकांकडे वळून, जरा चिडूनच, "आन तुमचंबी बरोबर होतं."

राधाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मले तं मालूमच होतं," त्या म्हणाल्या. "तुमालेच मालूम व्हाचं होतं." आणि मग, डोळे पुसत, "लावा न आता पुढचं. उभे काहून?"

पण तेवढ्यात गाडीच आली. धावपळ झाली. मुलानं आईला धरून चढवलं, आमच्या ह्यांनी ट्रंक दिली, सदाशिवनं काट्यांचा डबा खिडकीतून आत टाकला. नत्थूजी ग्रामोफोन उघडाच छातीशी धरून चढले. झाकण लावायला वेळ नव्हता. कर्णिक रेकॉर्डची पेटी घेऊन धावले.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. मुलानं दोघांना नागपूरलाच ठेवून घेतलं, भंडाऱ्याचं घर विकलं गेलं, आणि भिंतीपलीकडे भलतीच माणसं राहायला आली. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

गाडी हलली तेव्हा मी खिडकीबरोबर चार पावलं चालले. नत्थूजींच्या मांडीवर ग्रामोफोन होता. नाच लागला होता. राधाबाई त्यांच्याकडे वळून काहीतरी सांगत होत्या. भराभर, हात हलवून, मधे श्वासही न घेता. तवा चालू होता, त्या बोलत होत्या, आणि नत्थूजी त्यांना गप्प करत नव्हते.